ईमेलच्या सहीत लोगो कसा बसवायचा: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या व्यावसायिकांसाठी सविस्तर

उद्यमबागेत कास्टिंग करणारा असो, मच्छ्यात मशीन शॉप चालवणारा असो की वडगावात साड्या विणून पुण्या-मुंबईला पाठवणारा असो, नव्या गिऱ्हाइकाशी पहिली ओळख आता ईमेलवर होते. कोटेशन मागणारा खरेदी अधिकारी चाकणला नाहीतर होसूरला बसलेला असतो. तुमचं शेड त्याने पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर येतं ते पत्र आणि पत्राखालच्या चार-पाच ओळी. त्या ओळी नीटनेटक्या असल्या आणि शेजारी लोगो स्वच्छ दिसला, की समोरचा तुम्हाला आधीच थोडं गांभीर्याने घेतो. दहा-बारा माणसांचा कारखाना मोठ्या कंपनीला पत्र लिहितो तेव्हा या छोट्या गोष्टीचा फार उपयोग होतो, हे मी आमच्या भागात वारंवार पाहिलं आहे.

काम अवघड नाही. लोगोची फाइल तयार असेल तर अर्ध्या तासात उरकतं. पण बहुतेकांचं घोडं अडतं ते फाइलपाशी आणि चित्रात काय घालायचं या निर्णयापाशी. म्हणून आधी तेच.

चित्रात फक्त लोगो, बाकी सगळं अक्षरांत

आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत अशी. प्रेसवाल्याने व्हिजिटिंग कार्ड केलेलं असतं, त्याची जेपीजी मोबाइलमध्ये पडलेली असते, तीच उचलून सहीत चिकटवायची. लोगो, नाव, पत्ता, फोन, जीएसटी नंबर, सगळं एका चित्रात. तुमच्या स्क्रीनवर ते झकास दिसतं. पण आउटलुक वापरणाऱ्या कंपन्यांत बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रं सहसा अडवलेली असतात. वाचणारा परवानगी देईपर्यंत तिथे रिकामी चौकट राहते. म्हणजे त्या पत्राखाली तुमचं नाव नाही नि फोनही नाही. मग तिकडून फोन येतो, तोही कोणाकडून तरी नंबर मिळवून: ‘अहो, तुमचा नंबरच दिसंना झालाय बघा.’

जीएसटी नंबराचं तर जास्तच जपायला हवं. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. आपला निम्मा व्यवहार सीमेपलीकडे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, पणजी इथे चालतो. तिथला अकाउंटंट खरेदी नोंदवताना तुमचा २९ ने सुरू होणारा नंबर टाकतो, आपला २७ किंवा ३० पाहतो आणि आयजीएसटीचा, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराचा, हिशेब धरतो. नंबर अक्षरांत असला तर तो कॉपी करून चिकटवेल. चित्रात असला तर डोळ्यांनी वाचून टाइप करेल, आणि इंग्रजी ‘बी’चा ८ किंवा ‘ओ’चा शून्य व्हायला वेळ लागत नाही. मग पोर्टलवर पुरवठादारांच्या बिलांची जी यादी त्याला मिळते, त्या जीएसटीआर-२बी शी मेळ बसत नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं आणि तुमचं पेमेंटही.

अक्षरांतला फोन नंबर मोबाइलवर दाबला की सरळ लागतो. अक्षरांतलं नाव दोन वर्षांनी जुन्या पत्रांत शोधता येतं. चित्रातलं यातलं काहीच होत नाही. शिवाय दोन ओळींचा मजकूर आणि खाली भलंमोठं चित्र असं पत्र काही स्पॅम फिल्टरांना खटकतं.

म्हणून नियम एकच ठेवा: लोगो पुसून टाकला तरी सही पूर्ण वाटली पाहिजे.

लोगोची फाइल: प्रेसवाल्याकडून नेमकं काय मागायचं

गावातल्या प्रेसमध्ये लोगो बहुधा कोरलड्रॉमध्ये केलेला असतो, सीडीआर फाइलमध्ये. ती मूळ फाइल मागून घ्या आणि जपून ठेवा. पैसे देऊन करून घेतलेलं काम आहे, मागायला संकोच नको. प्रेस बंद पडते, संगणक बदलतात, ऑपरेटर नोकरी सोडतो, आणि मग पंचवीस वर्षांचा लोगो पाटीवरून फोटो काढून पुन्हा उभा करायची वेळ येते.

ईमेलसाठी सीडीआर चालत नाही, पीएनजी लागते. प्रेसवाल्याला या शब्दांत सांगा: ‘फक्त लोगो सिलेक्ट करून आरजीबीमध्ये, पारदर्शक पार्श्वभूमीवर, हजार पिक्सेल रुंदीचा पीएनजी एक्स्पोर्ट करा.’ त्याला लगेच समजेल.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. छपाईची फाइल सीएमवायके रंगांत असते, कारण मशीनवर चार शाई चालतात. स्क्रीन आरजीबी रंगांत चालते. सीएमवायकेमधली जेपीजी तशीच सहीत टाकली तर लाल रंग भडक नाहीतर मळकट होतो, काही ठिकाणी चित्र उघडतच नाही. पारदर्शक पार्श्वभूमी नसेल तर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. आणि हजार पिक्सेलची फाइल हाताशी असली की त्यातून हव्या त्या मापाची छोटी फाइल करता येते. उलट जमत नाही. छोटं चित्र ताणून मोठं केलं की कडा फाटतात.

लोगोत मराठी किंवा कन्नड अक्षरं असतील तर सीडीआर देण्याआधी ती कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायला सांगा. कोरलड्रॉमध्ये अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल आणि क्यू दाबलं की झालं. नाहीतर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याच्याकडे तुमच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतील.

फाइल ईमेलवर मागवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो दाबून लहान केलेला असतो, पीएनजीची जेपीजी झालेली असते आणि पारदर्शकता गेलेली असते. व्हॉट्सअॅपच सोयीचं वाटत असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

मूळ फाइल कुठेच सापडत नसेल तर जुनं लेटरहेड किंवा कार्ड ६०० डीपीआयला स्कॅन करा, ते समोर ठेवून एखाद्या डीटीपी करणाऱ्याकडून लोगो नव्याने रेखून घ्या. स्कॅन केलेलंच चित्र सहीत टाकू नका, कागदाचा पोत आणि शाईचे ठिपके त्यात स्पष्ट दिसतात.

माप, वजन आणि रंग

सहीतला लोगो साधारण १२० ते १८० पिक्सेल रुंद दिसावा, उंची ८० च्या आत. त्याहून मोठा लोगो मोबाइलवर अख्खी स्क्रीन खातो. फाइल मात्र दिसण्याच्या मापाच्या दुप्पट ठेवा: १५० पिक्सेल रुंद दाखवायचा असेल तर ३०० पिक्सेलची. आजच्या मोबाइलच्या स्क्रीन इतक्या दाट असतात की नेमक्या मापाची फाइल त्यावर पुसट दिसते.

वजन ५० केबीच्या खाली. दोन-तीन सपाट रंगांचा लोगो सहज २० केबीत बसतो. फाइल ५०० केबीची झाली असेल तर मापात काहीतरी चुकलं आहे. विंडोजच्या पेंटमध्ये ‘रिसाइझ’ उघडा, टक्के सोडून ‘पिक्सेल’ निवडा, रुंदी-उंचीचं प्रमाण राखायची खूण चालू ठेवा, रुंदी ३०० टाका, वेगळ्या नावाने सेव्ह करा. जुन्या पेंटमध्ये पारदर्शक भाग पांढरा होतो, त्यामुळे पारदर्शकता हवीच असेल तर हे छोटं मापही प्रेसवाल्याकडूनच करून घ्या.

एसव्हीजी फाइल वेबसाइटला उत्तम, पण जीमेल ती दाखवत नाही. फोटोसारख्या छटा असलेला लोगो असेल तर जेपीजी चालेल, बाकी सगळ्यांना पीएनजी.

डार्क मोडचा विचार आताच करा. आज बरेच जण मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पत्रं वाचतात. पारदर्शक पीएनजीत काळी किंवा गडद निळी अक्षरं असतील तर ती काळ्यात विरून जातात. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या बिदरी कलावस्तू निर्यात करणाऱ्यांच्या लोगोत काळा रंग असणं साहजिकच, त्यांनी इथे खास लक्ष द्यावं. उपाय दोन आहेत. लोगोच्या कडेने पांढरी बारीक रेघ द्या, किंवा पारदर्शकता सोडून मागे पांढरा भाग ठेवा आणि चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडा. मला दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, पांढरा चौकोन दिसला तरी नाव वाचता येतं.

लोगोतली बारीक अक्षरं काढून टाका. गोलात लिहिलेलं ‘स्थापना’ साल, खालचं ब्रीदवाक्य, १५० पिक्सेलला यातलं काही वाचता येत नाही, नुसता मळ दिसतो. फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: आयएसओ प्रमाणपत्र मिळालं म्हणून आयएसओ या संस्थेचा लोगो सहीत लावू नका. तो त्यांचा ट्रेडमार्क आहे आणि प्रमाणपत्रधारकांना तो वापरायची परवानगी नसते. ‘आयएसओ ९००१:२०१५ सर्टिफाइड’ असं साध्या अक्षरांत लिहा. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं चिन्ह लावायचं असेल तर त्यांच्या अटी वाचूनच.

मराठी, कन्नड की इंग्रजी

आपल्या भागात हा प्रश्न आपोआप येतो. बेंगळुरूच्या सरकारी कार्यालयाला जाणारं पत्र, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला जाणारं आणि चेन्नईच्या कंपनीला जाणारं, तिन्ही एकाच टेबलावरून निघतात. मी सुचवेन की मुख्य सही इंग्रजीत ठेवा आणि नावाची एक ओळ मराठीत किंवा कन्नडमध्ये जोडा. जीमेलमध्ये आणि आउटलुकमध्ये एकापेक्षा जास्त सह्या ठेवता येतात, त्यामुळे कार्यालयांसाठी कन्नड ओळ असलेली एक आणि महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांसाठी मराठी ओळ असलेली एक, अशा दोन करून ठेवल्या की पत्र लिहिताना नुसतं निवडायचं.

अक्षरं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधलं कन्नड तुमच्या संगणकावर सुरेख दिसतं, समोरच्याकडे मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ पोचतो. प्रेसमधून आलेला मजकूर सहीत चिकटवताना हे हमखास होतं. मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप केलेलं मराठी-कन्नड युनिकोडच असतं, तेच स्वतःला पाठवून तिथून उचललंत तरी काम भागतं. खास वळणाचं मराठी नाव हवं असेल तर ते लोगोच्या चित्रात जाऊ द्या.

सहीत काय लिहायचं

लोगो डावीकडे किंवा सगळ्यात वर, आणि मजकूर असा:

तुमचं नाव, हुद्दा
कंपनीचं नाव
शेड किंवा प्लॉट नंबर, औद्योगिक वसाहत, बेळगावी, कर्नाटक, पिनकोड
मोबाइल, ऑफिसचा फोन
जीएसटी नंबर
वेबसाइट

पत्ता जीएसटी प्रमाणपत्रावर आहे तसाच लिहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. वाहतूकदार आणि जुनी गिऱ्हाइकं अजून बेळगाव म्हणतात, पण बिल, ई-वे बिल आणि सही यांत एकच रूप असलं की कोणाच्या मनात शंका येत नाही. परदेशी पत्रव्यवहार असेल तर ऑफिसचा नंबर +९१ ८३१ असा सुरू करा, सुरुवातीचा शून्य गाळून.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन आणि ईमेल छापावा लागतो. आज व्यवहाराची पत्रं ईमेलनेच जातात, तेव्हा हे सगळं सहीत असणंच शहाणपणाचं. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाचा उल्लेख लिहा.

बँक खात्याचा नंबर मात्र सहीत कधीही नको. ‘आमचं खातं बदललं आहे, पैसे या नव्या खात्यात भरा’ असं खोटं पत्र गिऱ्हाइकाला पाठवून पैसे उकळणारे हल्ली फार झाले आहेत. सहीत खातं देण्याची सवय असलेल्या फर्मची नक्कल करणं त्यांना सोपं जातं. खातं बिलावर द्या आणि पहिल्या पेमेंटच्या वेळी फोनवर पक्कं करा.

पत्त्याच्या ओळीला गूगल मॅपची लिंक दिलीत तर माल न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरची मोठी सोय होते. उद्यमबागेत पहिल्यांदा शिरणारा ट्रक कोणत्या क्रॉसला वळावा हे विचारत फिरतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जीमेलमध्ये

सहीत चित्र घालायचं काम संगणकावरच करा, मोबाइलच्या अॅपमध्ये ते जमत नाही.

१. उजवीकडे वर दातेरी चाकाच्या खुणेवर क्लिक करा, मग ‘सी ऑल सेटिंग्ज’.

२. पहिल्याच ‘जनरल’ टॅबमध्ये खाली ‘सिग्नेचर’ येतं. ‘क्रिएट न्यू’ दाबून सहीला नाव द्या, जसं ‘पूर्ण सही’. हे नाव फक्त तुम्हालाच दिसतं.

३. उजवीकडच्या चौकटीत आधी मजकूर टाइप करा. वर्डमधून उचलून चिकटवलात तर त्याच्यासोबत बराच अदृश्य कचरा येतो आणि ओळींमधली अंतरं बिघडतात.

४. जिथे लोगो हवा तिथे कर्सर ठेवा आणि खालच्या पट्टीतली चित्राची खूण दाबा. तीन वाटा दिसतील: ड्राइव्हमधून, अपलोड, आणि वेबवरचा पत्ता. सगळ्यात सरळ वाट अपलोडची. ड्राइव्हमधून घेतलात तर त्या फाइलचं शेअरिंग ‘एनीवन विथ द लिंक’ असायला हवं, नाहीतर लोगो तुम्हालाच दिसेल, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

५. आलेल्या चित्रावर क्लिक केलं की खाली ‘स्मॉल’, ‘मीडियम’, ‘लार्ज’ असे पर्याय येतात. सहसा ‘स्मॉल’ पुरतो.

६. लोगो सिलेक्ट करून लिंकची खूण दाबा आणि वेबसाइटचा पत्ता द्या.

७. त्याखाली ‘सिग्नेचर डीफॉल्ट्स’ आहे. नव्या पत्रांना ही सही निवडा. उत्तरं आणि फॉरवर्ड यांच्यासाठी दुसरी, नाव आणि मोबाइल एवढीच असलेली बिनलोगोची सही करा आणि ती निवडा. एका ऑर्डरवर वीस वेळा उलटसुलट पत्रं होतात, प्रत्येक वेळी लोगो गेला तर ते धागे वाचवत नाहीत.

८. पान अगदी तळाशी नेऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. हे बटण खूप खाली आहे आणि ते न दाबता पान बंद केलं तर केलेलं सगळं जातं.

आउटलुकमध्ये

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’, ‘सिग्नेचर्स’ असं जा. ‘न्यू’ दाबून सही तयार करा, मजकूर लिहा, पट्टीतल्या चित्राच्या खुणेवरून लोगो घ्या. माप बदलायला चित्रावर उजवं क्लिक करून ‘पिक्चर’ उघडा, ‘साइझ’मध्ये प्रमाण राखायची खूण तपासा आणि मगच रुंदी बदला. बाजूची कड धरून हाताने ओढत बसलात तर लोगो चेपतो. नव्या पत्रांना कोणती सही आणि उत्तरांना कोणती, हेही त्याच खिडकीत ठरतं. नव्या आउटलुकमध्ये दातेरी चाक, ‘अकाउंट्स’, ‘सिग्नेचर्स’ असा रस्ता आहे, बाकी तसंच.

क्लासिक आउटलुकला एक खोड आहे. पाठवताना ते चित्राचं रिझोल्यूशन स्वतःच कमी करतं आणि लोगो थोडा धूसर होतो. म्हणून तिथे दुप्पट मापाची फाइल उपयोगी पडत नाही. १५० पिक्सेल दाखवायचा असेल तर नेमक्या १५० चा, ९६ डीपीआयचा पीएनजी वेगळा करून वापरा.

दोन्हींत एक मूलभूत फरक आहे आणि तो समजला की निम्म्या तक्रारींचं कारण कळतं. जीमेलमधून गेलेल्या सहीत लोगो नसतो, लोगोचा पत्ता असतो. चित्र गूगलच्या सर्व्हरवर राहतं आणि वाचणाऱ्याकडे पत्र उघडताना तिथून येतं. म्हणून कडक आउटलुकवाल्या कंपनीत ते अडतं. आउटलुक लोगो पत्रातच घालून पाठवतं. तो सहसा लगेच दिसतो, पण काही ठिकाणी पत्राला जोडलेली फाइल म्हणून दिसतो, आणि ड्रॉइंग आलं असेल असं समजून समोरचा ती उघडून बघतो. कुठलीच पद्धत बिनदोष नाही. दोन्हींत मजकूर अक्षरांत असला की नुकसान होत नाही.

वेबसाइटसोबत मिळालेला ईमेल

बऱ्याच छोट्या फर्मचा ईमेल होस्टिंगवाल्याने दिलेला असतो आणि तो राउंडक्यूब नावाच्या वेबमेलमध्ये उघडतो. तिथे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘आयडेंटिटीज’ उघडा, आपला पत्ता निवडा, सहीच्या चौकटीत एचटीएमएल (चित्रं आणि रंग चालणारा मजकूर) चालू करा. ते चालू केल्याशिवाय चित्राची खूण येतच नाही. चित्रावर मर्यादा असते, सहसा ६४ केबीची, आणि मोठी फाइल नाकारली जाते. चित्र घालताना वर्णनाची जागा आली तर तिथे कंपनीचं नाव लिहा, लोगो अडवला गेला तरी ते नाव बहुतेक ठिकाणी दिसतं. मग ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘कंपोझिंग मेसेजेस’ इथे जाऊन पत्रं नेहमी एचटीएमएलमध्ये लिहिली जातील असं करा. ते साध्या मजकुरावर राहिलं तर लोगो सहीत असूनही पत्रात जाणार नाही.

झोहो मेलमध्येही सेटिंग्जमध्ये सिग्नेचरचा विभाग आहे आणि चित्र अपलोड करायची सोय आहे.

वेबसाइट असेल तर लोगो तिथेच ठेवून त्याचा पत्ता सहीत देता येतो. पत्ता सुरक्षित जोडणीचा (https ने सुरू होणारा) आणि थेट पीएनजी फाइलचा हवा. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मात्र वेबसाइटचं नूतनीकरण चुकलं किंवा कोणी ती फाइल हलवली, तर आजवर पाठवलेल्या सगळ्या पत्रांतला लोगो एकदम गायब होतो. फेसबुकवरच्या चित्राचा पत्ता कधीही वापरू नका, तो काही काळाने मरतो.

मोबाइलवर

जीमेल अॅपमधल्या ‘मोबाइल सिग्नेचर’मध्ये फक्त अक्षरं बसतात. तिथे नाव, कंपनी आणि फोन एवढं टाका आणि समाधान माना. कारखान्याच्या आवारात उभं राहून पाठवलेल्या दोन ओळींच्या उत्तराला लोगो लागत नाही. कोटेशन आणि पहिली ओळख करून देणारी पत्रं मात्र संगणकावरून पाठवा.

पाठवण्याआधी तपासून घ्या

स्वतःलाच पत्र पाठवून भागत नाही, कारण तुमच्या संगणकाला तो लोगो आधीच माहीत असतो. एक पत्र जीमेलवाल्या मित्राला, एक आउटलुक वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ओळखीच्या माणसाला पाठवा आणि त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवा. मोबाइल डार्क मोडवर टाकून बघा. चित्रं बंद करून बघा आणि उरलेली सही एकट्याने उभी राहते का पाहा. उत्तरावर उत्तर अशी चार पत्रं करून धागा किती लांबतो तेही पाहा. आणि एक प्रत काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढा, कारण मोठ्या कंपन्यांत कोटेशनचं पत्र अजून छापून फाइलला लागतं.

काही बिघडलं तर

लोगो तुम्हाला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही: ड्राइव्हचं शेअरिंग बंद आहे, किंवा समोरच्याकडे चित्रं अडवलेली आहेत. आधी दुसऱ्या जीमेलवर पाठवून बघा. तिथे दिसला तर तुमच्याकडे दोष नाही.

काल दिसत होता, आज सहीच साधी झाली: पत्र लिहिण्याच्या खिडकीत ‘प्लेन टेक्स्ट मोड’ चालू झाला आहे. जीमेलमध्ये खालच्या तीन ठिपक्यांत तो बंद करता येतो.

जीमेलने सही स्वीकारली नाही: तिची मर्यादा १०,००० अक्षरांची आहे आणि चिकटवलेल्या मजकुरातला अदृश्य कचराही त्यात मोजला जातो. सगळं पुसून हाताने टाइप करा.

नावाशेजारच्या गोलात लोगो हवा आहे: ते सहीचं काम नाही. तो गोल म्हणजे गूगल खात्याचा प्रोफाइल फोटो. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे लोगो लावा, चौरस फाइल घेऊन, कारण आडवा लोगो गोलात कापला जातो.

एकापेक्षा जास्त माणसं पत्रं पाठवत असतील तर लोगोची फाइल, मजकुराचा नमुना आणि रंगाचा क्रमांक एका फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांच्या सह्या एकाच दिवशी एकाने बसवाव्यात. गूगल वर्कस्पेस घेतलेल्यांना अॅडमिन कन्सोलमधून सगळ्यांच्या पत्रांखाली एकसारखी तळटीप जोडता येते, पण त्यात प्रत्येकाचं वेगळं नाव येत नाही. म्हणून नोंदणीचे क्रमांक तिथे टाका आणि नाव, फोन, लोगो ज्याच्या त्याच्या सहीत ठेवा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याच्या खात्यातली सही काढा आणि त्याच्या पत्त्यावर येणारी पत्रं दुसऱ्याकडे वळवा.